गदा कोणाची? कुस्तीशौकिनांच्या अंदाजांचा इतिहास आणि बुलढाण्याचे २०१८

१/
२३ डिसेंबर २०१८, जालना. महाराष्ट्र केसरी किताबाची अंतिम लढत. एका बाजूस पुण्याचा अभिजित कटके, आदल्या वर्षीचा विजेता. दुसऱ्या बाजूस बाला रफिक शेख. त्याच्या नावापुढे जिल्हा लिहिलेला होता बुलढाणा. गतविजेता म्हणून पारडे कटकेचे जड मानले जात होते. निकाल लागला ११–३, आणि चांदीची गदा बालाच्या खांद्यावर गेली.

२/
मित्रहो, या निकालाने दोन जुने प्रश्न पुन्हा उभे केले. कुस्तीशौकीन एखाद्या पैलवानास ‘यंदाचा दावेदार’ ठरवतो, ते कशाच्या आधारावर? आणि ज्याला आपण ‘आपला पैलवान’ म्हणतो, तो नेमका कोणत्या अर्थाने आपला? आजच्या धाग्यात गेल्या सव्वाशे वर्षांतील काही कुस्त्यांच्या आधारे या दोन प्रश्नांचा मागोवा घेऊ. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

३/
प्रारंभ बुलढाणा जिल्ह्यापासूनच करू, कारण अंदाज बांधणे ही या मातीची जुनी सवय आहे. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घटमांडणी होते. मध्यभागी पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याचा घट, भोवती अठरा प्रकारची धान्ये, आणि पापड, कुरडई, पानविडा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत काय बदल झाला ते पाहून वर्षाचे भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांच्यापासून चालत आलेली ही परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची मानली जाते.

४/
याच जिल्ह्यातील खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची मोठी पेठ. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या रेल्वेशाखेचे उद्घाटन झाले आणि येथील कापूस थेट मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. ज्या गावाचे पोट पुढील मोसमाच्या भावावर अवलंबून असते, तेथे तेजी-मंदीचा अंदाज ही करमणूक राहत नाही. घटमांडणी असो वा कापसाची पेठ, अंदाज चुकला तर किंमत कोणीतरी मोजतो. हे सूत्र ध्यानात ठेवून आता आखाड्याकडे वळू.

५/
संस्थानी काळात पैलवान हा दरबाराचा आश्रित असे. खुराक, वस्ताद, तालीम, सारे आश्रयदात्याकडून मिळे. त्यामुळे कुस्तीत पैलवानाबरोबर संस्थानाची प्रतिष्ठाही पणास लागे. पतियाळा, बडोदा, कोल्हापूर, इंदूर ही नावे पैलवानांच्या नावांना जोडूनच उच्चारली जात. शौकिनाचा पहिला निकष येथूनच घडला: पैलवान कोणाचा? म्हणजे त्याच्या पाठीशी दरबार कोणता, वस्ताद कोण, खुराक कसा.

६/
कोल्हापुरास या व्यवहाराचे केंद्र बनवले ते राजर्षी शाहू महाराजांनी. १९०२ च्या युरोपप्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्यांना भव्य मैदानाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९१२ साली खासबाग मैदान खुले झाले. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, यांमुळे शेवटच्या रांगेतील माणसालाही डाव स्पष्ट दिसतो.

७/
या रचनेचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. जत्रेच्या फडात पुढच्या दोन-चार रांगांनाच कुस्ती नीट दिसे. मागच्यांना ती ऐकावी लागे. खासबागेत हजारो लोक तीच पकड एकाच वेळी पाहू लागले. पैलवानाची कीर्ती ऐकीव राहिली नाही, ती डोळ्यांनी तपासता येऊ लागली. घराण्याचा दरारा आणि प्रत्यक्ष पाहिलेला डाव यांची तुलना करणारा जाणता शौकीन अशा मैदानांत तयार झाला.

८/
खासबागेच्या उद्घाटनाची प्रमुख कुस्ती होती इमाम बक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांच्यात. विजयी झाला इमाम बक्ष. दोघेही पंजाबकडचे, दोघेही मुसलमान, आणि पाहणारे कोल्हापूर परिसरातील शेतकरी व तालीमबाज. ‘आपला पैलवान’ ठरवताना जन्मगाव वा धर्म हे निकष पुढे नव्हते, याचा हा ढळढळीत पुरावा. ज्याने आपल्या हौद्यात उतरून निकाली कुस्ती केली, तो आपला.

९/
इमाम बक्षचा थोरला भाऊ म्हणजे गामा. शौकिनांचे अंदाज कसे फसतात, हे गामाच्या कारकिर्दीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र. गुजरांवालाचा रहीमबक्ष सुलतानीवाला जवळजवळ सात फूट उंच, आणि गामा साडेपाच फुटांहून थोडा अधिक. पहिल्या भेटींत निकाल लागला नाही. उंचीवरून अंदाज बांधणाऱ्यांना बरोबरी हाच धक्का होता. पुढे अलाहाबादेत गामाने रहीमबक्षवर मात केली.

१०/
१९१० साली गामा लंडनला गेला, तेव्हा हीच चूक तेथील आयोजकांनी केली. उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत प्रवेशच नाकारला. तेव्हा त्याने उघड आव्हान दिले: कोणतेही तीन पैलवान, अर्ध्या तासात. अमेरिकेचा बेंजामिन रोलर हरला. मग १० सप्टेंबरला पोलंडचा स्टानिस्लाउस झ्बिस्को समोर आला. तो अडीच तासांहून अधिक काळ गादीला पोट लावून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली.

११/
१७ सप्टेंबरला पुन्हा लढत ठरली. झ्बिस्को आलाच नाही, आणि मानाचा पट्टा गामाला मिळाला. पण बरोबरीची ती कुस्ती पाहून अनेकांनी ‘दोघे तुल्यबळ’ असा निष्कर्ष काढला असणार. त्याची परीक्षा सतराहून अधिक वर्षांनी झाली. जानेवारी १९२८, पतियाळा: गामाने झ्बिस्कोला एका मिनिटाच्या आत चीत केले. बचाव करून मिळवलेली बरोबरी आणि समान बळ या दोन गोष्टी भिन्न असतात, हे त्या मिनिटाने दाखवले.

१२/
येथे फडाची एक जुनी पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. जत्रेच्या मैदानात आयोजक व वस्ताद ‘जोड’ ठरवतात. वजन, वय, तयारी पाहून तुल्यबळ पैलवान समोरासमोर आणायचे, आणि कुस्ती काट्याची व्हावी अशी व्यवस्था करायची. नारळाच्या कुस्त्यांपासून दुपारी सुरुवात होते आणि मोठ्या इनामाची जोड शेवटी लागते. शौकिनापुढे प्रश्न एकच असतो: या दोघांपैकी कोण?

१३/
अशा प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे शास्त्रही लोकांनी विकसित केले. पैलवानाचा दम किती, मान कशी, तो ढाकेवर जातो की घिश्श्यावर, उजव्या अंगाने खेळतो की डाव्या, शड्डू ठोकून हौद्यात उतरताना पावले कशी पडतात. खेड्यातला शेतकरी हे सारे लिहून ठेवत नसे, पण त्याच्या स्मरणात दहा-दहा वर्षांच्या कुस्त्या असत. हे ज्ञान एका कुस्तीपुरते होते, आणि एका कुस्तीपुरते ते पुष्कळ खरेही ठरे.

१४/
या शास्त्राला एक काळी बाजू आहे. जेथे अंदाज तेथे पैज, आणि जेथे पैज तेथे ‘नुरा’. आधी संगनमत करून खेळलेल्या कुस्तीस नुरा कुस्ती म्हणतात. हा शब्द पुढे मराठी राजकारणानेही उचलला. बोलीभाषेने या लबाडीला स्वतंत्र नाव द्यावे, यावरून ती किती परिचित होती हे कळते. जाणता शौकीन कोण जिंकेल हे सांगताना कुस्ती खरी आहे का, हेही पारखत असे.

१५/
शौकिनाचा अंदाज चुकला तर त्याचे फार तर चार पैसे जातात. परंतु निवड करणाऱ्याचा अंदाज चुकतो तेव्हा? त्याचे उदाहरण म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला होता. गादीवर फारसा सराव नसताना मिळवलेले हे स्थान पुरेसा पुरावा होते. तरीही १९५२ च्या निवडीत त्याला डावलले गेल्याची तक्रार त्याला करावी लागली.

१६/
अखेर निरंजन दासशी कुस्ती होऊन खाशाबांनी आपला हक्क सिद्ध केला. पण मग पैशाचा प्रश्न उभा राहिला. गावोगाव वर्गणी जमली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. एका प्राचार्याने लावलेली ही पैज होती, असे म्हणता येईल. फरक इतकाच की त्यात त्याला स्वतःला काही मिळणार नव्हते.

१७/
हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. सुवर्ण जपानच्या शोहाची इशीईला, रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इशीईशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर विश्रांती न मिळता त्यांना पुढच्या कुस्तीस उतरावे लागले, आणि त्यांच्या बाजूने नियम सांगणारा भारतीय अधिकारी तेथे नव्हता, असे सांगितले जाते. ज्याच्याकडून अपेक्षा नसते, त्याच्यासोबत कोणी जात नाही. ‘दावेदार’ न ठरण्याची किंमत ही अशी असते.

१८/
आता वळण येते. १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी किताबाच्या लढती सुरू झाल्या. पहिला मानकरी दिनकर दह्यारी. संस्थाने विलीन झाली होती, आश्रयदाते गेले होते. त्यांच्या जागी जिल्हा आला. पूर्वी पैलवान ‘अमक्या सरकारचा’ असे. आता तो ‘अमक्या जिल्ह्याचा’ झाला.

१९/
वरवर हा केवळ नावाचा बदल वाटतो. प्रत्यक्षात अंदाजाचे गणितच बदलले. फडात एक जोड आणि एक कुस्ती. स्पर्धेत चिठ्ठ्या टाकून गाठी पडतात आणि किताबासाठी सलग अनेक कुस्त्या जिंकाव्या लागतात. त्यातही माती आणि गादी असे दोन विभाग. दोन्ही विभागांचे विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात. मातीचा दम आणि गादीची चपळाई यांची तुलना शौकिनाला आधी करताच येत नाही, कारण ते दोघे तोवर भेटलेलेच नसतात.

२०/
थोडा हिशेब करून पाहू. समजा, एखादा पैलवान इतका सरस आहे की कोणाशीही लढला तरी दहापैकी आठ वेळा जिंकेल. फडातील एका कुस्तीत त्याच्यावर विश्वास ठेवणारा शौकीन ८० टक्के वेळा बरोबर ठरेल. परंतु किताबासाठी पाच कुस्त्या सलग जिंकायच्या असतील, तर ०.८ ला स्वतःनेच पाच वेळा गुणावे लागते. उत्तर येते सुमारे ०.३३. म्हणजे सर्वांत सरस पैलवान तीनपैकी दोन वेळा किताब गमावणार.

२१/
या हिशेबाचा अर्थ नीट समजून घ्यावा. ‘हाच सर्वांत बलवान’ हे विधान खरे असू शकते आणि ‘हाच जिंकणार’ हे विधान त्याच वेळी बहुधा खोटे असू शकते. फडात घडलेला शौकीन ही दोन विधाने एकच मानत आला, कारण फडात ती जवळजवळ एकच होती. स्पर्धेत ती वेगळी झाली. अंदाज चुकला की ‘काहीतरी घोळ आहे’ असे वाटू लागते, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

२२/
हा अनुभव केवळ आपला नाही. गोल्फच्या मोठ्या स्पर्धांत तर शंभराहून अधिक खेळाडू एकाच वेळी उतरतात. १९१३ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत इंग्लंडकडून आलेले हॅरी वॉर्डन आणि टेड रे हेच सर्वांच्या मते दावेदार होते. ब्रुकलाइनच्या मैदानावर त्या दोघांना वीस वर्षांच्या फ्रान्सिस विमेट या हौशी खेळाडूने जादा फेरीत हरवले. तो लहानपणी त्याच मैदानासमोर राहत असे. शौकिनांनी वॉर्डनचे नाव घेतले यात त्यांचे काही चुकले नव्हते. वॉर्डन श्रेष्ठच होता. फक्त त्या दिवशी जिंकला नाही.

२३/
मग सलग तीन वेळा किताब जिंकणाऱ्यांचे काय? मुंबईच्या नरसिंग यादवने २०११, २०१२, २०१३ अशी ओळीने तीन वर्षे गदा मिळवली. लगेच पुढे जळगावच्या विजय चौधरीने २०१४, २०१५, २०१६. आपल्या हिशेबातल्या ८० टक्केवाल्या पैलवानास हे साधण्याची शक्यता शंभरात तीन-चार. ती निम्म्याच्या आसपास यायची, तर प्रत्येक कुस्तीत त्याची खात्री ९५ टक्के असावी लागते. या दोघांचे मोठेपण किती होते, ते या आकड्यांवरून उमजते.

२४/
या पार्श्वभूमीवर २०१८ पाहू. अभिजित कटके २०१६ मध्ये अंतिम लढतीत विजय चौधरीकडून हरला. २०१७ मध्ये भूगाव येथे साताऱ्याच्या किरण भगतला हरवून जिंकला. २०१८ मध्ये गादी विभागातून पुन्हा अंतिम लढतीत पोहोचला. सलग तीन वर्षे अंतिम लढत! त्याला दावेदार मानणाऱ्यांचा तर्क निर्दोष होता. समोर माती विभागातून आलेला बाला रफिक होता, आणि त्याने गुणांवर ११–३ अशी नि:संदिग्ध मात केली.

२५/
बाला रफिक मूळचा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या खडकीचा. घरात पिढ्यांपासून कुस्ती. कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांच्याकडे त्याने धडे घेतले. पुढचा सराव पुण्यात. आंदळकर १९६० चे हिंदकेसरी. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. तीनच महिन्यांनी त्यांच्या शिष्याने गदा उचलली. ती पाहायला वस्ताद नव्हते.

२६/
म्हणजे जन्म सोलापूर जिल्ह्यातला, तालीम कोल्हापूरची, सराव पुण्याचा, आणि किताबावर नाव बुलढाण्याचे. हे कसे? महाराष्ट्र केसरीच्या गटात जिल्हा वा शहर संघाकडून साधारणपणे प्रत्येक विभागात एकच मल्ल जातो. कोल्हापूर, सोलापूर, पुणे येथे एकेका जागेसाठी अनेक तुल्यबळ दावेदार असतात. विदर्भ-मराठवाड्यातील काही जिल्ह्यांत ती चुरस तितकी नसते. म्हणून अनेक मल्ल अन्य जिल्ह्याकडून उतरतात. यात नियमबाह्य काही नाही.

२७/
तरीही बुलढाण्याच्या अभिमानाला येथे एक टोचणी आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मीही याच जिल्ह्यातला. गदा आली तेव्हा आम्ही सर्वांनी ‘आपला बाला’ म्हटले. स्पर्धेपूर्वी त्याचे नाव आमच्यापैकी किती जणांना ठाऊक होते? ज्या पैलवानाच्या खुराकाचा, तालमीचा, दुखापतीचा भार आपल्या जिल्ह्याने उचलला नाही, त्याच्या विजयावर आपला हक्क किती?

२८/
इतिहास याचे दुहेरी उत्तर देतो. एकीकडे, ‘आपला’ ही कुस्तीत नेहमीच सैल संज्ञा राहिली आहे. खासबागेने इमाम बक्षला आपले मानले. उत्तर प्रदेशातून आलेले दीनानाथ सिंह कोल्हापूरचे झाले आणि १९६६ मध्ये महाराष्ट्र केसरीही. नरसिंग यादवचे कुटुंब मूळचे वाराणसीकडचे. या परंपरेत करमाळ्याचा मुलगा बुलढाण्याचा ठरला, तर त्यात खोटे काही नाही.

२९/
दुसरीकडे, शाहू महाराजांनी पैलवान आपले म्हणण्याआधी त्यांना तालीम, खुराक आणि मैदान दिले होते. आपलेपण तेथे आधी खर्चाच्या वहीत लिहिले जात असे, मग जयघोषात. जिल्ह्याने दरबाराची जागा घेतली खरी, पण दरबाराची जबाबदारी पूर्ण उचलली नाही. यात्रेच्या दंगलीत एक दिवस इनाम देणे वेगळे आणि वर्षभर दूध-बदाम पुरवणे वेगळे. आमच्या जिल्ह्यात गदा आणण्याइतके बळ तयार व्हायचे असेल, तर उत्तर या दुसऱ्या खर्चात आहे.

३०/
शौकिनांच्या अंदाजाला अलीकडे एक कडवटपणाही चिकटला आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागात सिकंदर शेखविरुद्ध महेंद्र गायकवाडला मिळालेल्या चार गुणांवरून समाजमाध्यमांवर वादळ उठले. पंचांना धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. कोणी पंचांच्या हेतूविषयी बोलले, कोणी पैलवानांच्या धर्माविषयी. १९१२ च्या खासबागेत जो निकष पुढे नव्हता, तो शंभर वर्षांनी पुढे यावा, ही खेदाची गोष्ट आहे.

३१/
निर्णय चूक की बरोबर, यावर जाणकारांत मतभेद असू शकतात, ते असावेत. मात्र सिकंदरने उत्तर दिले ते हौद्यातच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगाव येथे त्याने गतविजेत्या शिवराज राक्षेला एका मिनिटाच्या आत चीत करून गदा जिंकली. त्याचे नाव घेणाऱ्या शौकिनांचा अंदाज खरा ठरला, दहा महिन्यांनी. धमकी देणाऱ्याने मात्र त्या दहा महिन्यांत कुस्तीला काहीच दिले नव्हते.

३२/
भेंडवळला परत येऊ. घटमांडणीचे भाकीत ऐकायला शेतकरी जमतात. पण भाकीत काहीही येवो, मृग लागला की ते पेरतातच. पाऊस कमी सांगितला म्हणून कोणी रान पडीक ठेवत नाही, आणि भाकीत चुकले म्हणून पुढच्या वर्षी कोणी घट फोडायला धावत नाही. अंदाज ऐकायचा, मनात ठेवायचा, आणि काम आपले करायचे, अशी ही रीत आहे. कुस्तीशौकिनाने ती घ्यावी, असे मला वाटते.

३३/
सारांश असा. (अ) संस्थानी काळात दावेदार ठरे तो आश्रय, वस्ताद आणि दरारा यांवर. (आ) मोठ्या मैदानांनी डोळस शौकीन घडवला. (इ) १९६१ नंतरच्या स्पर्धेने अंदाजाचे गणित बदलले. सर्वांत सरस मल्लही बहुधा हरतो. (ई) शौकिनाची चूक स्वस्त असते, निवड करणाऱ्याची महाग. खाशाबा जाधव याचे साक्षीदार आहेत. (उ) ‘आपला पैलवान’ ही संज्ञा उदार आहे, पण फुकट नाही.

३४/
पुढच्या महाराष्ट्र केसरीच्या वेळी आपण सारे पुन्हा नावे घेऊच, आणि घ्यावीतही. त्यावाचून पाहण्यात गोडी नाही. फक्त नाव घेताना तो मल्ल कोणत्या तालमीत घडला, त्याचा वस्ताद कोण आणि त्याचा खुराक कोण पुरवतो, एवढे शोधून पाहावे. आपल्या गावच्या जत्रेतील जुन्या जोडी, वस्ताद आणि बंद पडलेल्या तालमी यांविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून खाली अवश्य लिहा. बुलढाणा, अकोला, वाशीमकडच्या आठवणी विशेष हव्या आहेत. धागा समाप्त.